नाव काढलं

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. गाडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे चार चाकं आली असतील तर ती आधी पुसून टाका. मला दोनच चाकं आहेत, गिअर नाही, आणि डावीकडचा आरसा गेल्या पोळ्याला एका बैलानं जाता जाता उडवला. करडवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत मला सगळे 'म्याडमची गाडी' म्हणतात. स्वतःचं असं नाव मला कुणी ठेवलंच नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. पण यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर आमच्या शाळेत एका पोरीच्या नावावरून जो घोळ झाला, तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. त्याआधी थोडं माझ्याबद्दल ऐकून घ्या. कुणी ऐकतंय म्हटलं की म्हाताऱ्या माणसाला राहवत नाही, तसंच माझं झालंय.

माझा जन्म खाली दक्षिणेत, एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतो तो ट्रकचा प्रवास. आम्ही बहिणी-बहिणी दाटीवाटीनं उभ्या होतो आणि कोण कुणाच्या नशिबात जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या नशिबात उदगीरचे शिवमूर्ती आप्पा आले. त्यांची लेक अंबिका नुकतीच शिक्षिका झाली होती आणि तिची नेमणूक झाली होती थेट नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात. फाट्यावर एसटीची वाट बघत पोर ताटकळायला नको, म्हणून आप्पांनी मला घेतलं. दुकानाच्या दारातच त्यांनी माझ्या कपाळावर विभूतीच्या तीन रेघा ओढल्या, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि लेकीला माझ्यावर बसवून म्हणाले, आता तुम्ही दोघी एकमेकींना सांभाळा. असं बोलून पाठवणी होणं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मी नशीबवान निघाले.

लोहा ते करडवाडी या रस्त्याला रस्ता म्हणतात, कारण दुसरा शब्द नाही. पहिल्याच महिन्यात एका वळणावर मुरूम सरकला आणि मी नि मॅडम, दोघीही आडव्या झालो. शेजारच्या शेतातून एक आजी धावत आली. तिचं नाव धोंडाबाई. तिनं आधी मॅडमला उठवलं, गुडघ्याला हळद दाबली, मग मला एकटीनं उभं केलं, आणि वर दोघींना मिळून रागावली, की एवढं पळायचं कशाला, शाळा काय कुठं पळून चाललीय का! तेव्हापासून ती शेतात दिसली की मॅडम हॉर्न वाजवतात आणि ती खुरपं वर करून दाखवते. एवढंच. पण वर्षानुवर्षं एवढंच होत राहिलं की माणसं जवळची होतात.

तुम्हाला वाटत असेल, शिक्षक शाळेत येतात, शिकवतात आणि घरी जातात. माझ्या डिकीला विचारा! मार्च संपता संपता शाळा सकाळची झाली की माझे खरे हाल सुरू होतात. पाय ठेवायच्या जागेवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, डिकीत प्रगतीपुस्तकं, हँडलला पाण्याची बाटली आणि पोरांनी दिलेल्या कैऱ्यांची पिशवी. शाळा सुटली की मॅडम भर उन्हात घरोघर फिरतात आणि जूनमध्ये पहिलीला येण्याजोगी पोरं शोधतात. दारात उभ्या राहून त्या आयांना समजावत असतात आणि मी बाहेर तापत असते. दुपारी घरी आलं की ओसरीत माझ्याशेजारीच चटई टाकून पेपर तपासतात. मध्येच उदगीरहून आईचा, शरणम्मा अव्वांचा कानडीत फोन येतो, 'ऊटा आयता?' म्हणजे जेवण झालं का म्हणून. मॅडम झालं म्हणून सांगतात. डबा अजून डिकीतच असतो, हे फक्त मला माहीत असतं.

यंदा एका पोरानं 'पाणी वाचवण्याचे उपाय लिहा' या प्रश्नाला 'आंघोळ करू नये' एवढंच उत्तर लिहिलं होतं. मॅडम एकट्याच इतक्या हसल्या, की आतून अमरेशराव बघायला आले. अमरेशराव म्हणजे मॅडमचे यजमान. लोह्यात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. माणूस चांगला, पण मला तोंडावर भंगार म्हणतात. नवी घेऊ, हप्ता मी भरतो, असं त्यांचं दर उन्हाळ्यात सुरू होतं. मॅडमचं उत्तर ठरलेलं असतं, बंद पडली की बघू. म्हणून मी बंद पडत नाही. याला हट्ट म्हणा, कृतज्ञता म्हणा, मला दोन्ही चालेल.

आमची शाळा सातवीपर्यंत आहे. जाणारी पोरं दर वर्षी वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट देतात. अशी इतकी घड्याळं साठलीत, आणि प्रत्येकाची वेळ निराळी, की मुख्याध्यापक घंटा द्यायला सांगताना मोबाईल बघतात. निरोपाच्या दिवशी सगळी रडतात, मग पुढच्या वर्गासाठी लोह्याला जातात. पोरं जातात म्हणजे मुलगे जातात. मुलींचं तसं सोपं नसतं. यंदा सातवीतून पुढे जाण्याजोगी मुलगी एकच होती, आणि ती जाते की नाही याचा घोर मॅडमना दिवाळीपासून लागला होता.

ती रेणुका. धोंडाबाईचीच नात, शेषेरावची लेक. शेषेराव हा घरची शेती कसणारा, कमी बोलणारा माणूस. पोरगी बापावर गेलेली. पण गणित म्हटलं की तिचं डोकं माझ्या इंजिनपेक्षा वेगानं चालायचं, आणि ते विनाआवाज. शेषेरावचं म्हणणं एवढंच होतं, की गावातून एकटी पोरगी एसटीनं रोज लोह्याला कशी धाडावी? त्याला नाही म्हणायचं नव्हतं आणि हो म्हणायचा धीर होत नव्हता. बघू म्हणायचा. मॅडमना त्या 'बघू'ची सगळ्यात जास्त भीती वाटायची.

त्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढायचे दिवस आले. सगळं घर शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे तिथल्या खोपटात, राहायला गेलं, आणि रेणुकाही धाकट्या भावाला सांभाळायला तिकडेच. शाळेत आज आहे, उद्या नाही. एकदा ती बऱ्याच दिवसांनी आली तेव्हा मॅडम माझ्यावरून उतरता उतरताच चिडून बोलल्या, "अशी गायब राहिलीस तर मला तुझं नाव काढावं लागेल, सांगून ठेवते." हजेरीतून नाव काढण्याची ही धमकी सगळेच शिक्षक देतात आणि कुणीच कुणाचं नाव काढत नाही. पण रेणुका मान खाली घालून उभी राहिली. पुढे ती परीक्षेला नेमानं आली, पेपर दिले, आणि पुन्हा आखाड्यावर गेली.

एप्रिल संपत आला आणि तालुक्याहून बातमी आली. गणिताच्या स्पर्धेत तालुक्यात पहिली, रेणुका शेषेराव, करडवाडी! मॅडम फोन कानाला लावून कडुलिंबाखाली आल्या आणि बोलणं संपल्यावर त्यांनी माझ्या सीटवर दोन थापा मारल्या. अमरेशराव दुकानात मोठं गिऱ्हाईक पटलं की टेबलावर मारतात, तशा. त्यांच्या डोक्यात लगेच सगळं जुळून आलं होतं. एक मेला, महाराष्ट्र दिनाला, झेंडावंदन झालं की आपल्याकडे निकाल लागतो आणि सगळं गाव शाळेत असतं. तिथं गावासमोर रेणुकाचा सत्कार करायचा, शेषेरावच्या हातात नारळ द्यायचा. चार माणसांनी पाठ थोपटली की त्या 'बघू'चं 'हो' होणार. नाही झालं, तर दुसऱ्या दिवसापासून सुट्टी. मॅडम उदगीरला जाणार, आणि जूनपर्यंत पोरगी शेतात रुळली की तिला परत कोण काढणार?

आता निरोप द्यायचा होता. आखाड्यावर फोनला रेंज नाही. मॅडमच्या हातात निकालाचं ढीगभर काम. त्याच दुपारी रस्त्यात समोरून व्यंकटीचा ऑटो आला. लोहा-करडवाडी सवारी वाहतूक करणारा हा व्यंकटी म्हणजे आमच्याकडचं टपालखातंच. ऑटो माणसांनी भरलेला, वर मोठ्यानं गाणं लावलेलं. मॅडमनी मला न थांबवताच, हात करून ओरडून सांगितलं, "शेषेरावभाऊंना सांगा, रेणुकानं नाव काढलं! एक तारखेला शाळेत बोलावलंय." व्यंकटीनं मान डोलावली, हाव म्हणाला आणि धुरळा उडवत गेला. मॅडम घरापर्यंत गुणगुणत आल्या.

तीस तारखेला सगळी शाळा झाडून झाली, फळे धुऊन झाले, रांगोळीची जागा आखून झाली. परत येताना रस्त्यात शेषेराव दिसला. मॅडमनी हसून वेग कमी केला. त्यानं डोक्यावरची टोपी नीट केली, बांधाकडे तोंड फिरवलं आणि चालू लागला. पुढे वळणावर धोंडाबाई होती. मॅडमनी हॉर्न वाजवला. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा खुरपं वर झालं नाही. उन्हानं दिसलं नसेल, असं मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. मला मात्र ते पटलं नाही.

एक मेला सकाळी सगळं गाव आलं. झेंडा वर गेला, लेझीम झालं, निकाल वाचून झाला. रेणुकाचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या वाजल्या, पण उठून कुणीच आलं नाही. मॅडम फाटकाकडे बघत राहिल्या. दुसऱ्यांदा पुकारलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, शेषेरावनं पोरीची शाळा बंद केली म्हणे, आठवीला धाडत नाही. नारळ आणि शाल टेबलावर तशीच राहिली. लोक पांगल्यावर मॅडमनी ती पिशवीत घातली, पिशवी माझ्या हुकाला अडकवली आणि मला लोह्याकडे वळवायच्या ऐवजी शेताच्या वाटेला लावली. बारा वाजून गेले होते, ऊन नुसतं ओतत होतं, आणि ती वाट तर बैलगाडीची. मी कुरकुरले, पण गेले.

आखाड्यासमोरच्या खळ्यावर शिजवलेली हळद वाळत पसरली होती, सगळं अंगण पिवळंधमक. त्यात पाठमोरी बसून रेणुका हातानं हळद उलटीपालटी करत होती. गाडीचा आवाज ऐकूनही तिनं मागे पाहिलं नाही. धोंडाबाईनं तांब्या भरून पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. आपल्याकडे हे केवढं मोठं बोलणं असतं, ते तुम्हाला सांगायला नको. शेषेराव हात पुसत पुढे आला.

"दाखला द्यायला कशाला तरास घेतला म्याडम? मीच आलो असतो."

मॅडमनी विचारलं, कसला दाखला?

"पोरीचं नाव काढलं न्हवं का तुमी? व्यंकटी सांगून गेला. एक तारखेला बोलावलंय म्हणला. म्हणलं, सगळ्या गावासमोर दाखला घ्यायला कशाला यायचं? हळदीपायी बुडाली तिची शाळा, चूक आमचीच हाय. तुमच्यावर राग न्हाई. पण पोरगी दोन दिस जेवली न्हाई ओ."

रेणुकानं नाव काढलं, रेणुकाचं नाव काढलं. ऑटोतल्या गाण्यात एका अक्षराची अदलाबदल झाली होती. मॅडमच्या तोंडावर आधी हसू आलं. मग त्यांची नजर त्या पाठमोऱ्या पोरीकडे गेली आणि हसू होतं तिथंच विरलं. नाव काढीन ही धमकी त्यांनीच तर दिली होती. व्यंकटीचा निरोप त्या घराला खोटा वाटावाच कशाला?

"भाऊ, मी तिचं नाव काढलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तिनं नाव काढलं. गणितात अख्ख्या तालुक्यात पहिली आलीय रेणुका. तुमचा सत्कार करायचा होता, म्हणून बोलावलं होतं. मागं मी नको ते बोलले, ते तुम्हा सगळ्यांच्या मनात राहिलं. त्याची माफी मागते."

धोंडाबाई मध्येच व्यंकटीच्या कानांचा आणि त्याच्या गाण्यांचा उद्धार करू लागली, तिला शेषेरावनं हातानंच थांबवलं. मग खाली हळदीकडे बघत तो सावकाश म्हणाला, "आमच्या घरात नाव काढायचं म्हंजी कमी करायचं, एवढंच ठाव हाय म्याडम. रेशनातून काढलं, यादीतून काढलं. हे दुसरं नाव काढणं आमच्यात कुणाच्या वाट्याला आलंच न्हाई. मग ते आमाला ऐकू तरी कसं यावं?"

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला रडता येत नाही. पण मॅडमनी पदर डोळ्यांना लावला तेव्हा माझं इंजिन बंद होतं हे बरं झालं, नाहीतर तेही अडखळलं असतं.

त्यांनी पिशवीतून नारळ आणि शाल काढून शेषेरावच्या हातात दिली. म्हणाल्या, तिला हे मी सांगणार नाही, तुम्हीच सांगा. शेषेराव शाल हातात धरून खळ्याच्या कडेनं लेकीजवळ गेला आणि उकिडवा बसला. कौतुक करायची त्याला सवय नव्हती. बराच वेळ घसा खाकरून झाल्यावर तो म्हणाला, "रेणुके, नाव काढलंस बग."

"ठाव हाय बाबा," ती तशीच पाठमोरी म्हणाली. "न्हाई जात मी आता शाळेत."

"तुझं न्हाई गं," शेषेराव म्हणाला. "माझं काढलंस. माझं."

रेणुकानं तेव्हा मागे वळून पाहिलं. आधी बापाकडे, मग मॅडमकडे. मॅडमनी नुसती मान हलवली. पोरगी उठली, पिवळ्या हातांनीच तोंड झाकलं, आणि मग तिचं ते तोंड बघून धोंडाबाई रडता रडता हसायला लागली. शेषेरावनं ती शाल तिच्या खांद्यावर टाकली. भर उन्हात, मे महिन्यात, शाल! पण कुणाला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या खांद्यावरचा हात न काढताच त्यानं मॅडमना विचारलं, "लोह्याच्या शाळेत नाव घालायला कवा यायचं म्याडम?"

मित्रांनो, दिवाळीपासून ज्या 'बघू'नं मॅडमची झोप उडवली होती, तो असा एका प्रश्नात संपला. सकाळच्या एसटीनं महिनाभर तो स्वतः सोबत जाणार, मग तिला वाट पाठ होईल, हे त्यानं तिथंच ठरवून टाकलं. मग बसा झालं, चहा झाला, पुरणपोळी करते म्हणून धोंडाबाई अडून बसली ते वेगळंच. तेवढ्यात रेणुका माझ्याजवळ आली. माझी सीट तव्यासारखी तापली होती. तिनं हौदात एक पोतं भिजवून आणलं, माझ्या सीटवर नीट पसरलं आणि वरून हात फिरवला. तिच्या हाताची हळद हँडलला लागली. मॅडमनी ती अजून पुसलेली नाही, आणि अमरेशरावांनाही पुसू दिलेली नाही.

या वाटेवर मी अजून किती दिवस चालेन, सांगता येत नाही. पण ज्या माणसांनी मला सांभाळलं, त्यांच्या असल्या कामाला मी आले, आणखी काय हवं? तुमच्याकडे एकच मागणं आहे. माणसाला रागावायचं असेल तर खुशाल निरोप धाडा, तो वाटेत हरवला तरी बिघडत नाही. पण कुणाचं कौतुक करायचं असेल तर ते रस्त्यातल्या ऑटोवाल्याच्या हाती देऊ नका. ऊन असो, वाट बैलगाडीची असो, स्वतः त्याच्या दारापर्यंत जा आणि त्याच्या समोर उभं राहून सांगा. न्यायला आम्ही जुन्या गाड्या आहोतच. फक्त तिथं पोचल्यावर आम्हाला जरा सावलीत लावा.